शिक्क्याचा आवाज

फाल्गुन लागला की मला हॉस्टेलच्या खोलीत हळद शिजल्याचा वास येतो. खरं तर येत नसणार. खिडकीखाली मुलींच्या सायकली उभ्या असतात आणि पलीकडं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं कोण कढई मांडणार? पण सकाळी डोळे अजून मिटलेले असताना तो वास येतो. मातीचा, उकडलेल्या कंदाचा, आणि कढईखाली जळणाऱ्या हळदीच्याच वाळल्या पाल्याचा. मग उठून दात घासेपर्यंत मी नांदेडला नसते, डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यात असते.

या दिवसांत आमच्या तांड्यात पांढरं काही राहत नाही. अंगणात, छपरावर, वाटेच्या कडेला, जिथं सपाट जागा दिसेल तिथं शिजलेली हळद वाळत पसरलेली असते. कुत्र्यांचे पाय पिवळे, चहाच्या बशीची कड पिवळी. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. याडीच्या तळहाताच्या रेषा तर पार पेरणीपर्यंत पिवळ्या राहायच्या. बारावीच्या माझ्या गणिताच्या पुस्तकात पानोपानी अंगठ्याचे पिवळे ठसे आहेत. ते कुठं दाट आणि कुठं फिके आहेत यावरून कोणता धडा मला जड गेला ते आजही सांगता येईल.

माझ्या बाचा धंदा हळदीला चमक आणायचा. शिजवून वाळवलेली हळद दिसायला ओबडधोबड असते, मळकट, सालपटांची. ती ढोलात घालतात. ढोल म्हणजे भोकं पाडलेल्या पत्र्याचं मोठं पिंप, आडव्या दांड्यावर बसवलेलं, मोटारीवर फिरणारं. आत हळकुंडं एकमेकांवर आपटतात, पत्र्यावर घासतात, साल धूळ होऊन भोकांतून खाली पडते, आणि काही वेळानं दार उघडलं की आतून पिवळीधमक हळद बाहेर येते. शहरात त्याला पॉलिशचा ड्रम म्हणतात. आमच्याकडं ढोलच. शाळेत मला मुलं ‘ढोलवाल्याची’ म्हणायची आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते कॉलेजात, जिथं मला असं कुणीच म्हणत नव्हतं.

आमचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. बा म्हणतो, मी ढोल लादून हिंडतो, फरक एवढाच. हळदीच्या हंगामात डोंगरकडा, आखाडा बाळापूर, कधी तर शिरड शहापुरापर्यंत ढोल जायचा. उरलेले दिवस तो आमच्याच अंगणासमोर फिरायचा. त्याचा आवाज कसा, ते मला नीट सांगता येत नाही. टिनाच्या छपरावर गारा पडतात तसा, पण गारा थांबतात. बा त्या आवाजापासून दोन हातांवर वीस-एक हंगाम उभा राहिलेला. लोक त्याच्याशी ओरडून कधीपासून बोलायला लागले, ते कुणालाच आठवत नाही.

हळद पुरती वाळली की नाही हे हळकुंड मोडून बघतात. वाळलेलं असेल तर टण्ण असा धातूसारखा आवाज येतो, ओलं असेल तर ते दबक्या आवाजात तुटतं. मी लहान असताना बा हळकुंड कानाजवळ नेऊन मोडायचा आणि क्षणभर डोळे मिटायचा. पुढं पुढं तो मोडायचा आणि याडीच्या तोंडाकडं बघायचा. याडी मान हलवायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस बायकोला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बा ते तसंच वाटू द्यायचा.

माझा आवाज मुळात बारीक. त्यात पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी सरांना ‘व्हय सर’ म्हणाले आणि मागं कुणीतरी हसलं. हसणारेही आमच्याच भागातले होते, त्यांच्या घरीही ‘व्हय’च म्हणत असतील. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक शब्द बोलण्याआधी मनात एकदा म्हणून बघायला लागले, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जायला लागली. सुट्टीत घरी गेले की बा विचारायचा, “काय शिकून राहिली?” मी सांगायला लागायचे. तो कानामागं हात धरायचा. मी पुन्हा सांगायचे, तेवढ्याच आवाजात. लोक त्याच्याशी ओरडायचे, पण मला बापावर आवाज चढवायचं जमत नव्हतं. शेवटी मी हातानंच ‘नंतर’ अशी खूण करायचे आणि भाकरी थापायला याडीजवळ जाऊन बसायचे. इंजिनिअरिंगची चार वर्षं अशीच ‘नंतर’वर गेली.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय मी दिला होता. हे मला इथं स्पष्ट सांगावंसं वाटतं, कारण तेव्हा मी ते कुणालाच स्पष्ट सांगितलं नाही. सरांनी चिठ्ठ्यांवर विषय मागितले आणि मी लिहिलं: हळदीच्या पॉलिश ड्रमचा आवाज मोजणे आणि कमी करणे. सरांना तो आवडला. त्यांनी तो वर्गात मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, “यात दोघी लागतील. सुनीता आणि अश्विनी.”

अश्विनी हिंगोलीची. तिचे आजोबा देवळात पूजेला, वडील एका ऑफिसात कारकून. तिच्या घरी परीक्षेच्या दिवसांत टीव्हीवर चादर टाकून ठेवतात, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. आमच्याकडं परीक्षा आहे म्हणून शेजाऱ्यांना सोडा, ढोलालाही थांबवता येत नसे. ती वाईट नव्हती. हे लिहिताना मला उलट तिच्यात काही वाईट सापडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. मला तिच्या अक्षराचा हेवा वाटायचा. ती वर्गात उभी राहून “सर, मला नाही कळलं” म्हणू शकायची, त्याचा वाटायचा. ‘नाही कळलं’ म्हणायला सुद्धा पाठीशी तसं घर लागतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आणि सगळ्यात जास्त तिच्या आवाजाचा. लहानपणी आजोबांजवळ बसून स्तोत्रं म्हटलेला तो आवाज, न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जायचा. प्रत्येक अक्षर सुटं, धुतलेल्या तांदळासारखं.

फाल्गुनातच सरांनी कुठल्याशा मोठ्या संस्थेतून दहा दिवसांसाठी मोजणीचं एक यंत्र मागवलं. रेफरन्स साउंड सोर्स. मोठ्या कुकरएवढं, जाळीच्या पिंजऱ्यात एक पंखा, खाली रबराचे पाय, आणि उचलायला दोघी लागाव्यात इतकं जड. चालू केलं की सुंऽऽ असा एकसारखा आवाज, ना वर ना खाली. प्रयोगशाळेतल्या टेबलावर ते सुरू करून सर आम्हाला म्हणाले, “हे यंत्र काही दळत नाही, कांडत नाही. फक्त आवाज करतं. पण किती करतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून याला किंमत.”

मग त्यांनी समजावलं. ढोल अंगणात वाजतो तेव्हा मीटरला जे ऐकू येतं, त्यात ढोल किती आणि अंगण किती हे कळत नाही. भिंत आवाज परत फेकते, पोत्यांची थप्पी गिळते. म्हणून ढोलाच्या जागी आधी हे यंत्र ठेवायचं. याचा खरा आवाज कागदावर लिहिलेला आहे. मीटरला तो किती कमी-जास्त ऐकू येतो ते बघायचं. जो फरक पडला तो त्या जागेचा. तोच फरक मग ढोलाच्या आकड्याला लावायचा, की उरतो तो ढोलाचा स्वतःचा आवाज. जागा कुठलीही असो.

मला त्या यंत्राचा हेवा वाटला. हे कुणाला सांगितलं तर हसतील. चार वर्षांत मी तीन जागी तीन आवाजांत बोलायला शिकले होते: घरी आमची गोरमाटी, बाजारात आमी-तुमी, आणि कॉलेजात पुस्तकातली मराठी, तीही चाचरत. कुठल्या जागेनं माझ्यातलं किती गिळलं याचा हिशोब माझ्याकडं नव्हता. आणि हा पंखा नांदेडला ठेवा नाहीतर तांड्यात, तेच आणि तेवढंच बोलणार, वर त्याचा सही-शिक्क्याचा दोन पानी दाखला.

सरांनी रजिस्टर पुढं केलं. “अश्विनी, तू सही कर. सुनीता, तू यंत्राची पेटी धर.”

त्यांनी सहज म्हटलं होतं. पेटी जड होती आणि मी दणकट होते.

एसटीत अश्विनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दाखल्याची पानं माझ्या मांडीवर होती. पहिलं पान, आकड्यांचं, आम्ही दोघींनी पाठ केलं होतं. दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे आकडे ठराविक व्होल्टेजवरच खरे. ते मी वाचलं आणि मला हसू आलं. व्होल्टेज ही गोष्ट लिहून ठेवावी लागते, असा कुठला देश असेल, असं वाटलं. आमच्याकडं ती डोळ्यांना दिसते. तांडा तारेच्या पार शेवटच्या टोकाला. शेतातले पंप सुरू झाले की घरातला दिवा मधासारखा होतो. तांड्यातलं लहान लेकरू सुद्धा सांगतं, होल्टेज पडलं.

तांड्यात पोचलो तेव्हा बा ढोलाला वंगण घालत होता. त्याच्याबरोबर लच्छूकाका होता, ढोलात हळद भरणारा, बाचा जुना जोडीदार. बानं पेटीकडं बोट केलं.

“यात काय हाय?”

मी तोंड उघडलं. मनात मराठी जुळवत होते. तेवढ्यात अश्विनी म्हणाली, “काका, हा नुसता आवाज करतो. दुसरं काहीच करत नाही.”

“नुसता आवाज?” बा म्हणाला. “मग एवढ्या लांबून काहून आणला? आमचा लच्छू व्हता की.”

“माझं तसं बराबर न्हाई,” लच्छूकाका म्हणाला. “माझा आवाज कमी-जास्त व्हतो. घरवाली जवळ असली की कमी.”

बा हसला. त्याला तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला होता. कानामागं हात गेला नव्हता. मी ते बघितलं आणि पेटीचा पट्टा सोडवायला खाली वाकले.

अश्विनीनं त्याला सगळं सांगितलं. जागेचं, भिंतीचं, मीटरचं, कागदाचं. बा ऐकता ऐकता उठला, घरात गेला आणि धान्य मोजायचं मापटं घेऊन आला. ते उलटं करून त्यानं बुडावर ठोकलेली खूण तिला दाखवली. “हे बघ पोरी. बाजारात वजनमापाचा साहेब येतो, हा शिक्का मारतो. मग हे मापटं कुणाच्या बी घरी न्या, तेवढंच भरतं. म्हंजे तुमचं ते बी शिक्क्याचंच मापटं हाय. आवाजाचं.”

“अगदी तेच काका,” अश्विनी म्हणाली. “आणि हे आमच्या अर्ध्या वर्गाला अजून कळलेलं नाही.”

बा इतका खूश झालेला मी क्वचित बघितला होता. तो हनुवटी वर करून तिच्याकडं बघत होता. मी तिथंच होते, वायरचं भेंडोळं सोडवत. चार वर्षं जे मी त्याला सांगू शकले नव्हते ते पाच मिनिटांत झालं होतं, आणि शिक्क्याचं मापटं हा इतका सुंदर शब्द त्यानं तिला दिला होता. माझा बा, माझा विषय, माझं अंगण. मला रडू आलं नाही. घशात हळदीची धूळ गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं, की खोकावं तर वाटतं पण खोकला येत नाही. आज इतक्या दिवसांनी मी त्याला हेवा हा शब्द देते. तेव्हा मला फक्त ती वायर इतकी कशी गुंतली याचा राग येत होता.

त्या दिवशी आखाडा बाळापूरचा बाजार होता. तांड्यातली माणसं बाजाराला गेलेली, पंप बंद, दिवा चक्क पांढरा. आम्ही ढोल बाजूला सरकवून त्या जागी यंत्र ठेवलं, चारी बाजूंनी मीटर धरून आकडे घेतले, मग ढोल जागेवर आणून हळद भरून पुन्हा घेतले. मी मीटर धरायचे, अश्विनी आकडे लिहायची. दुपारी ती याडीच्या पोळपाटाशी बसली आणि तिची पहिली भाकरी फाटली. याडी म्हणाली, “राहू दे माय, ही वाटीसारखी झाली, हिच्यातच कालवण वाढते.” सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, हिला फाटलेली भाकरी सुद्धा शोभते.

जेवताना बानं तिलाच विचारलं, “पोरी, ढोलाला रबर बांधलं तर आवाज कमी व्हईल का?” ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब त्यानं कधीपासून जपून ठेवली होती. मला वाटायचं ती विहिरीत पोहणाऱ्या पोरांसाठी आहे. आत्ता कळलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कितीतरी वर्षं होती. कुणाला विचारावी हे त्याला कळत नव्हतं.

“होऊ शकेल काका. बांधून बघू. उद्या मोजू.”

“उरलं तर एक पट्टी तुमच्या तोंडाला बी बांधा,” याडी म्हणाली.

संध्याकाळभर बा आणि लच्छूकाका ट्यूबच्या पट्ट्या कापत होते. भोकांच्या दोन ओळींमधल्या कोऱ्या पत्र्यावर, बाहेरून, एकेक पट्टी आवळून बांधली. धूळ पडायला वाट ठेवून. बा मधेच थांबून ढोलावर बोट वाजवायचा आणि कान लावायचा. त्याला काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण त्याच्या तोंडावर आशा होती. तो आवाज कमी व्हावा असं त्याला माझ्या प्रोजेक्टसाठी वाटत नव्हतं. लच्छूकाकाच्या पोरानं पुढच्या हंगामापासून ढोलावर यायचं ठरवलं होतं, आणि बानं त्याला एकदा म्हटलेलं मी ऐकलं होतं, “ये, पण तुझे कान घरी ठेवून ये.”

दुसऱ्या दिवशी अंगणात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली हलली होती आणि पोत्यांची नवी थप्पी लागली होती. मला वाटलं, आता नुसता ढोल मोजला तरी चालेल. अश्विनी म्हणाली, “नाही ग. जागा बदलली की सोर्स पुन्हा मोजायचा. सर काय म्हणाले?” ती कामात पक्की होती. तिनं थोडा आळस केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुपारी शेतीची लाईट आली होती. ढोलाची मोटार त्याच लाईटवर आणि पंपही त्याच लाईटवर. बाजार आटोपलेला, हळद काढलेल्या रानांत भुईमूग उभा. सगळे पंप एकदम सुरू झाले. आम्ही घरातल्या खटक्यावरून वायर आणून यंत्र चालू केलं. सुंऽऽ असा आवाज आला, आणि मला कळलं. सूर उतरला होता. फार नाही. थकलेला माणूस तेच गाणं म्हणतो तेवढाच. मी दाराकडं बघितलं. चौकटीवरचा दिवा मधासारखा झाला होता.

अश्विनी मीटरवर वाकलेली होती. हिंगोलीच्या तिच्या घरी दिवा एकतर असतो नाहीतर नसतो. अर्धा दिवा तिला ठाऊक नव्हता. तिनं मान वर न करता विचारलं, “बरोबर चाललंय ना ग सगळं?”

मी म्हणाले, “हो.”

त्या ‘हो’कडं मी पुष्कळदा परत जाते. परीक्षेत, एसटीत, कुठंही. मला तिचं एकदा चुकायला हवं होतं. बाच्या समोर चुकायला हवं होतं. मी मनात पुढचंही ठरवलं होतं: कॉलेजात गेल्यावर सरांसमोर मी हळूच दुसऱ्या पानावरची ती ओळ दाखवीन, सर चष्मा वर करून म्हणतील, सुनीताच्या लक्षात आलं हे. तिनं फक्त एक सही केली आहे आणि पेटी मी उचलली आहे, हे सगळ्यांना कळेल. एवढंच होतं. बाच्या रबराचा मी विचारच केला नाही. हे मी स्वतःची बाजू सावरायला लिहीत नाही. विचार केला नाही हेच मला जास्त वाईट वाटतं.

संध्याकाळी अश्विनीनं बाजेवर बसून आकडे जुळवले. पुन्हा जुळवले. मग तिचा चेहरा पडला.

“काका, फरक नाही पडला. ढोलाचा आवाज कालच्याएवढाच आहे.”

“पर कमी वाटून राहिला की,” बा म्हणाला. “हिची याडी बी म्हनली. लच्छू बी म्हनला.”

“मीटरलाही कमीच दिसतोय. पण आमचं हे यंत्रही आज इथं कमी ऐकू आलं. म्हणजे पोत्यांनी आवाज गिळलाय, जागेमुळं कमी वाटतोय. ढोल स्वतः तेवढाच आहे.”

बा कागदाकडं बघत राहिला. त्याला आकडे वाचता येत होते, एवढेच. “माझ्या कानाचं काय खरं न्हाई,” तो म्हणाला. “शिक्क्याचं माप हाय. ते खोटं कसं बोलंल?”

यंत्र त्या दिवशी खोटं बोलत होतं, आणि हे जगात एकटीला मला माहीत होतं. अश्विनी खोटं बोलत नव्हती. तिला त्याचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. बानंच उलट तिची समजूत काढली. “तुला काय झालं तोंड पाडायला? तू तर मोजलंस.”

मी भांडी घासायला उठले.

सकाळी जाग आली ती रबर कापल्याच्या आवाजानं. आमची एसटी नऊची होती, पेटी बांधून बाजेजवळ ठेवलेली होती. बा ढोलापाशी उकिडवा बसून विळ्यानं पट्ट्या कापत होता. रबरानं धूळ नीट गळत नव्हती, हळदीला जास्त वेळ लागत होता. आवाज कमी होणार नसेल तर ही तकलीफ कशाला, असा साधा विचार. चार पट्ट्या खाली पडल्या होत्या. तो चिडलेला नव्हता. एखादी मागून आणलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी, तसा एकेक पट्टी बाजूला ठेवत होता.

मी म्हणाले, “बा, काढू नको.”

त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं पाचवी पट्टी कापली.

मी जवळ गेले आणि पुन्हा म्हणाले. त्यानं मान वर केली, कानामागं हात धरला. मला वाटलं, खूण करावी, नंतर. मग मी ओरडले. माझ्या बापावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. “काल होल्टेज पडलं होतं! मोजणं चुकलं! रबरानं आवाज कमी झालाय!”

लच्छूकाका चहाचा कप हातात धरून थांबला. याडी दारात आली. अश्विनी मोरीजवळ दात घासत होती, ती ब्रश तसाच हातात घेऊन आमच्यापाशी येऊन उभी राहिली. बानं विळा खाली ठेवला.

“काल पडलं व्हतं?”

मी मान हलवली.

“मग काल काहून न्हाई सांगितलं?”

एवढं ओरडल्यावर माझ्यात आवाज उरला नव्हता. खोटं सुचत होतं, पण ते ओरडून सांगायचं मला जमलं नसतं. मी जमिनीकडं बघत म्हणाले, “मला हिचा हेवा वाटत होता.” मराठीतच म्हणाले, का ते माहीत नाही. कदाचित घरच्या बोलीत मला ते ऐकायचं नव्हतं.

“काय म्हनली?” बानं विचारलं. कानामागचा हात तसाच होता. तेव्हा त्यानं अश्विनीकडं बघितलं.

ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिनं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांकडं मी एकदाच बघितलं आणि मग पुन्हा जमीन बघितली. तिथं पाण्याचे थेंब पडत होते, तिच्या ब्रशवरून. मी मोजले, तीन पडले. मग तिचा तो सुटा, धुतलेला आवाज आला.

“काका, ती म्हणते, तेव्हा लक्षात नाही आलं. आत्ता उठल्यावर आलं.”

“मग ठीक हाय,” बा म्हणाला. “व्हतं असं.”

अश्विनीनं तोंड धुतलं, पेटीचा पट्टा सोडला आणि मला विचारलं, “पंप आत्ता बंद आहेत ना?” बाकी काही नाही. ढोलाची मोटार मोठी, होल्टेज पडलं तरी ती पंख्यासारखी मंदावत नाही, म्हणून ढोलाचे कालचे आकडे बरोबर होते, जागाही तीच होती. फक्त यंत्र पुन्हा मोजायचं होतं. मी खटक्यावर बाचं व्होल्टेज बघायचं मीटर लावून आकडा सांगितला. “मोठ्यानं,” ती म्हणाली. मी मोठ्यानं सांगितलं. अर्ध्या तासात झालं. याडीच्या, लच्छूकाकाच्या आणि बाच्या कानांनी जे सांगितलं होतं, तेच कागदावर आलं. बानं कापलेल्या पाच पट्ट्या उचलल्या, टोकाला टोक जोडून गाठी मारल्या आणि पुन्हा बांधायला घेतल्या. आमची नऊची एसटी गेली, आम्ही साडेअकराच्या जीपनं निघालो. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर नव्हतं.

याला आता दोन हंगाम झाले. अश्विनी पुण्याला नोकरीला आहे, मी याच कॉलेजात पुढचं शिकते आहे. दिवाळीला तिचा फोन येतो. ती बाची चौकशी करते, ढोलाची करते, याडीच्या भाकरीची करते. त्या सकाळचं ती कधी काढत नाही, आणि मीही नाही. प्रोजेक्टच्या अहवालात व्होल्टेजचा एक परिच्छेद आहे. तो तिनं लिहिला आणि खाली माझं नाव घातलं.

काळानं हेवा विरतो असं म्हणतात. माझा नाही विरला. तिचं अक्षर, तिचं घर, तिचा आवाज, यांचं आता फारसं काही वाटत नाही. माझाही आवाज थोडा सुटलाय, परवा मी वर्गात उभी राहून ‘नाही कळलं’ म्हणाले. पण हळदीच्या दिवसांत डोळे मिटून पडले की तिचं ते एक खोटं वाक्य ऐकू येतं, आणि मला त्या वाक्याचा हेवा वाटतो. तिच्या जागी मी असते तर मी खरं तेच सांगितलं असतं. आणि मोठ्यानं.